सातवीच्या पुस्तकांचा गठ्ठा

बेसा, नागपूर

प्रिय नंदिनी,

आपण एकाच शहरात राहतो, रोज फोन हातात असतो, आणि तरी मी तुला कागदावर लिहितेय. तुला हसू येईल. पण ह्या आठवड्यात मी तुला जेव्हा जेव्हा फोन लावला, तेव्हा तू "बोल वं सुहास" म्हणालीस आणि मी भलतंच बोलत बसले. परवा तर तुझ्याकडून पाटवडीच्या रश्श्याची कृती विचारून घेतली. तुझा आवाज ऐकला की माझी जीभ आखडते. कागद बरा. तो मध्येच "काय झालं वं?" असं विचारत नाही.

मागच्या गुरुवारी तू बाबांबद्दल सांगितलंस, तेव्हापासून मला धड झोप नाही. तू म्हणालीस, बाबांचं डोकं आता काही खरं नाही. बुद्धविहारात तू जुन्या शालेय वस्तूंच्या अदलाबदलीचं टेबल मांडतेस, त्यावरून जूनमध्ये सातवीच्या पुस्तकांचा अख्खा गठ्ठा गेला आणि तो कोणाला दिला हे त्यांना सांगता येईना. तू रागावून रागावून विचारलंस, तर एकच उत्तर, "मले आठवत नाही." आणि दोन महिन्यांनी तोच गठ्ठा त्यांच्याच दिवाणखाली सापडला! झाडू मारताना तुझ्या हाताला लागला. आपणच उचलून आणला, आपणच दडवला आणि आपणच विसरले, असं तू म्हणालीस आणि तुला रडू आलं. विहारातल्या कपाटाची किल्ली तू त्यांच्याकडून काढून घेतलीस. आता दूध आणायलाही त्यांना एकटं पाठवत नाहीस. शनिवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. हे सगळं मी ऐकून घेतलं आणि काय बोलले आठवतं का? "वय झालं गं काकांचं," असं बोलले. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

तुझ्या बाबांची, आनंदराव काकांची, आठवण म्हटलं की मला त्यांची सायकल आठवते. मिल सुटल्यावर ते पंक्चर काढायचे, हात कायम काळे असायचे. पण शाळा उघडायच्या आधी एका सकाळी ते साबणानं हात घासून, पांढरा शर्ट घालून तयार व्हायचे. तू पुढच्या दांडीवर, मी मागच्या कॅरियरवर, असे आपण तिघं पाचपावलीहून सीताबर्डीला जुनी पुस्तकं घ्यायला जायचो. माझे बाबा तर तेव्हा नव्हतेच. काकांनी कधी तुला आधी आणि मला नंतर असं केलं नाही. दुकानदाराच्या समोर उकिडवे बसून ते एकेक पान उलटून बघायचे. भूगोलात नकाशा फाटला असला की किंमत पाडून मागायचे, आणि घरी आल्यावर मास्तरांच्या पुस्तकावरून तो नकाशा स्वतः ट्रेस करून चिकटवायचे. कणकेची खळ, कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं. मला त्या पुस्तकांची कधी लाज वाटली नाही, नंदू. वर्गात नव्या पुस्तकांचा वास येणाऱ्या मुली होत्या, पण माझ्या मागे कोणीतरी उभं आहे असं मला वाटायचं.

आणि आता माझं ऐक. आम्हा नवराबायकोला काही कमी नाही. नागसेनचा पगार आहे, माझी बँकेतली नोकरी आहे. फ्लॅटचे हप्ते जातात हे खरं, पण हप्ते कोणाचे जात नाहीत? तरीही मे महिना लागला की आमच्या बँकेत डब्याच्या वेळी एक वेगळाच खेळ सुरू होतो. मुलांच्या शाळेच्या खरेदीत कोणी किती वाचवले. मधुवंती मॅडम गांधीबागेतून गणवेशाचं कापड ठोकच्या भावात आणतात आणि घरी शिवून घेतात, फक्त शाळेचा बिल्ला दुकानातून. दुसऱ्या एकीनं वह्यांचे गठ्ठे मागच्याच वर्षी घेऊन ठेवलेले. सगळ्या एकमेकींना टाळ्या देतात. हा काटकसरीपेक्षा हुशारीचा मान आहे. मला तो मान हवा होता. आमच्या सांचीच्या शाळेत पुस्तकं खासगी प्रकाशनांची, ठरलेल्या एकाच दुकानातून घ्यायची, आणि दुकानदार सुटी-सुटी विकत नाही. तिथं कोणाचीच हुशारी चालत नव्हती.

जूनच्या सुरुवातीला मी विहारात आले ती द्यायला आले होते, एवढं तरी खरं धर. सांचीची सहावीची पुस्तकं, आखूड झालेले दोन स्कर्ट, एक चांगलं दप्तर. ऊन इतकं की दुपट्टा तोंडाला गुंडाळूनही डोळे भाजत होते. तू तुझ्या झेरॉक्सच्या दुकानात होतीस, तिथं गर्दी होती. टेबलापाशी काका एकटेच पंख्याखाली बसले होते. मला बघून खुर्चीवरून उठलेच. "आली का वं सुहास! मले वाटलं, इकडचा रस्ता विसरली." मला माठातलं पाणी दिलं, सांचीची चौकशी केली, मी आणलेलं एकेक पुस्तक उघडून बघितलं. त्यांच्या मागे, बाकीच्यांपासून वेगळा, सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा होता. वरच्या पुस्तकावरचं शाळेचं चिन्ह मी लांबूनच ओळखलं. सांचीचीच शाळा, सातवी, सगळी पुस्तकं जशीच्या तशी.

काकांनी माझी नजर पाहिली. म्हणाले, "हा बायजाबाईच्या नातीसाठी ठेवला हाये. काजल. आरटीईतून त्याच शाळेत लागली ना ते. फी माफ हाये, पण पुस्तकं तर घ्याच लागते. आली नाही अजून, येईन आज-उद्या." मी म्हटलं, "हो का." आणि नजर हलवली नाही. मग ते म्हणाले, "काहून, सांचीले लागते का?" मी म्हणाले, "लागेल, काका, पण..." नंदू, त्या 'पण'च्या पुढचं वाक्य मला माहीत होतं. ते मी बोलले नाही. काकांनी गठ्ठा उचलून माझ्यासमोर ठेवला. "ने मग. काजलचं पाहू, अजून कोणी आणून देईन. तू तर कधी काही मागितलंच नाही इथं." मी न मागता घेतला. रिक्षात बसले तेव्हा मनाशी हिशेब जुळवला होता: मी दप्तर दिलं, पुस्तकं दिली, टेबलाचा नियमच आहे, ठेवा आणि न्या. तुझाच नियम. बायजाबाईंचं घर तिथून चार घरांवर होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. लहानपणी त्यांच्या अंगणात आपण खेळलोय.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी जिंकले. "मला अख्खा संच फुकट मिळाला," म्हटल्यावर सगळ्यांनी माना वळवल्या. मधुवंती मॅडमनी विचारलं, कुठून? मी म्हणाले, ओळखीत. विहाराचं नाव घेतलं नाही, वस्तीचं नाव घेतलं नाही, तुझं तर नाहीच. घेताना मी वस्तीची होते आणि सांगताना नव्हते. त्या रात्री सांचीनं हौसेनं नवी कव्हरं घातली. पहिल्या पानावरच्या जुन्या नावांवर तिच्या नावाची चमचमती लेबलं चिकटवली. मी कात्री धरून शेजारी बसले होते.

जुलैच्या शेवटी एकदा जेवताना सांची हसत हसत सांगायला लागली. त्यांच्या वर्गात एक मुलगी आहे, तिच्याकडे पुस्तकं नाहीत, सगळी पानं झेरॉक्स केलेली, काळीपांढरी, वरून स्पायरल. विज्ञानाच्या बाईंनी आकृतीतला लाल भाग कोणता आणि निळा कोणता असं विचारलं, तर तिला सांगता येईना, तिच्या पानावर दोन्ही राखाडीच. सगळे हसले. तेव्हापासून तिला झेरॉक्स म्हणतात. मी विचारलं, नाव काय तिचं? सांची म्हणाली, "काजल. पण आता बाईसुद्धा कधी कधी चुकून झेरॉक्स म्हणतात." मी ताट बाजूला सारलं. ती पानं तू काढली होतीस ना? दुकान बंद केल्यावर, कोणाचं तरी पुस्तक मागून आणून, एकेक पान काचेवर ठेवून. तू मला हे कधी सांगितलं नाहीस. सांगावंसं का वाटावं? तुला माहीत तरी काय होतं?

मी दुसऱ्याच दिवशी शाळेच्या दुकानातून सांचीसाठी नवा संच घेतला. हे मी जूनमध्येच सहज करू शकले असते. जुन्या पुस्तकांवरची लेबलं ओल्या कापडानं सोडवली. आणि तू दुकानात असशील ती वेळ साधून तुझ्या घरी आले.

हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता सांगते. तो गठ्ठा दिवाणखाली काकांनी ठेवला नाही, नंदू. मी ठेवला. मी पुस्तकांची पिशवी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, काका, ही काजलला द्या आणि नंदिनीला खरं काय ते सांगा. त्यांनी पिशवी उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, "सांगून काय होते? वस्तीतल्या पोरीइले मी तुझं नाव सांगतो. ह्याच विहारात बसून शिकली अन् बँकेत साहेब झाली म्हणतो. मंग त्याइले काय सांगू? अन् देल्लं तर मी माह्याच हातानं." मी म्हटलं, पण नंदिनी तुमच्यावर रागावते. त्यावर ते हसले. "रागावू दे. म्हातारा माणूस विसरते वं. कोणाले नवल वाटत नाही. झाडताना तिले गठ्ठा सापडन, तेच देईन काजलले." त्यांनी चादर वर केली, आणि मी वाकून तो गठ्ठा माझ्या हातानं आत सरकवला. चहा न घेता निघाले. वाटलं, मिटलं. काजलला पुस्तकं मिळतील, माझं नाव राहील. तुझा फोन आला तेव्हा कळलं की ते कशाच्या बदल्यात राहिलं. काकांना सगळं आठवतं, गं. कोण आलं, काय बोललं, कोणासाठी काय ठेवलं होतं, सगळं. त्यांचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा शाबूत आहे. शनिवारचा नंबर रद्द कर, किल्ली त्यांच्या हातात दे, आणि "सुहासनं सगळं लिहिलंय" एवढंच त्यांना सांग. ते आधी नाही म्हणतील. काल रात्री मी सांचीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी पण तिला झेरॉक्स म्हटलं होतं." मला तिच्याकडे बघवलं नाही. रविवारी बुद्धवंदना झाली की आम्ही दोघी येतोय, आधी बायजाबाईंच्या दारात, मग विहारात, सगळ्यांसमोर. ज्या पोरींना काका माझं नाव सांगतात, त्या पोरींसमोर हे मीच सांगितलं पाहिजे. हे पत्र उद्या सकाळी तुझ्या दुकानाच्या शटरखालून आत सरकवीन, कारण हातात द्यायची हिंमत नाही. रविवारपर्यंत ती गोळा करते. तू येऊ नको म्हणालीस, तरी येणार आहे.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
सुहास