बोटभर माया

अप्पा, ती लाल गाडी परत आली आहे. दोन दारांची, बुटकी, पुढे लांब नाक असलेली. तिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं. तुम्ही तिच्या सीटा शिवल्या तेव्हा मी चौथीत होते आणि शाळा सुटल्यावर दुकानात, तुमच्या मशीनशेजारी, रेक्झिनच्या गुंडाळीवर बसून गृहपाठ करायची. आपल्या नात्यातले सगळे शर्ट नाहीतर ब्लाउज शिवायचे, तुम्ही एकटेच मोटारींच्या सीटा. "हा मोटारींना झंपर शिवतो," असं थोरले काका चारचौघांत म्हणायचे. तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "मोटार माप देताना हलत नाही, आणि नंतर घट्ट झालं म्हणून भांडायलाही येत नाही."

त्या गाडीच्या सीटा बसवून झाल्या त्या दुपारी तुम्ही चप्पल काढून आत बसलात. प्रत्येक गाडीत तसे बसायचात, कारण शिवलेलं बसून बघितल्याशिवाय द्यायचं नाही हा तुमचा नियम होता. गाडी चालवायला तुम्ही कधीच शिकला नाहीत. मी दारात उभी आहे, हातात वही आहे, आणि तुमचा डावा पाय खाली काहीतरी शोधतो आहे. तो तसाच हवेत थांबतो. "ह्या गाडीत डाव्या पायाला कामच नाही गं," तुम्ही म्हणता, आणि तुम्हाला ते फारच चुकीचं वाटल्यासारखा तुमचा चेहरा होतो. दिवसभर दोन्ही पायांनी मशीन चालवणाऱ्या माणसाला ते चुकीचंच वाटणार. गाडीच्या मालकांनी समजावलं की ही ऑटोमॅटिक आहे, गिअर आपोआप पडतात. त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे म्हणून मुद्दाम अशी घेतली. तुम्ही ओशाळून खाली उतरलात. घरी येताना मात्र वाटेत पुन्हा म्हणालात, "तरी पायाला काम हवं."

ते मालक आता नाहीत. त्यांचा मुलगा साठीला आला आहे, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेला. आम्ही त्यांना सर म्हणतो. गाडीचा तो आपोआप चालणारा गिअरबॉक्स पार झिजला, त्याचे भाग कुठेच मिळेनात, म्हणून ती चार वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. त्याच गाडीचा हाताने गिअर टाकायचा जुना बॉक्स आम्हाला कोइमतूरच्या भंगारात सापडला. सरांनी अट घातली: गाडी बेट्ट्याचा डोंगर चढली तर ठेवीन, नाही चढली तर एका हॉटेलवाल्याला हवी आहे, त्याला देऊन टाकीन. हॉटेलवाला तिचं इंजिन काढून तिला लॉनवर उभी करणार होता, लोकांनी फोटो काढावेत म्हणून. ते ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या सीटा आल्या. पाऊस, ऊन, आणि त्यांच्यावर बूट घालून उभी राहिलेली पोरं.

मी कुठे आहे ते सांगायचं राहिलंच. मेटगळ्ळीला एका शेडमध्ये काम करते. शेड मेस्त्रींची आहे. ते रोज बन्नूरहून पहिल्या बसने येतात, पन्नास वर्षं गाड्यांखाली झोपून त्यांची पाठ वाकली आहे आणि ते मला 'इंजिनियरम्मा' म्हणतात. पहिले सहा महिने ते चिडवणं होतं, आता बहुतेक नाव झालं आहे. हो अप्पा, मी इंजिनियर झाले. आपल्या घरातली पहिली पदवी. आईने ती काच लावून विठोबाच्या शेजारी टांगली आहे आणि रोज तिला उदबत्ती ओवाळते. "एवढं शिकून हातांना काळं तेलच लावायचं होतं काय?" असंही ती विचारते, त्याच उदबत्तीचा धूर विरायच्या आत. मी तिला सांगते की चांगली वस्तू मोडून टाकायला फार शिक्षण लागत नाही, ती चालती ठेवायला लागतं. ती म्हणते, "हे तू बापासारखं बोलतेस," आणि ते कौतुक की तक्रार ते मला अजून कळलेलं नाही.

काम मला आवडलं. आतापर्यंत मी मेस्त्रींच्या हाताखाली होते. ही पहिली गाडी त्यांनी पूर्ण माझ्यावर सोपवली. इंजिनाच्या शेपटाला नवा गिअरबॉक्स धरायला जागाच नव्हती. बेळगोळच्या लेथवाल्याकडून पितळेची बारीक बांगडी करून आणली, तीन वेळा, तिसरी बसली. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा चार बोटं लांब निघाला. मधल्या उंचवट्याला गिअरच्या दांड्यासाठी भोक पाडायचं होतं तेव्हा मी आधी खडूने रेघ मारली आणि मग रेघेच्या आत कापलं, हळूहळू कानस मारत मोठं केलं. मेस्त्री बघत होते. "लेथवाल्याच्या मुलीसारखं काम करता," ते म्हणाले. मी म्हटलं, शिंप्याच्या मुलीसारखं. रुंद ब्रेक काढून तिथे दोन अरुंद पेडल बसवली. डाव्या पायाला काम मिळालं.

रेघेवरून तुम्ही मला एकदा रागावला होतात. एरवी तुम्ही कधी रागवायचा नाहीत म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो. सातवीच्या सुटीत एका सीटच्या कडेचा तुकडा तुम्ही मला कापायला दिलात. मी श्वास रोखून तुमच्या निळ्या खडूच्या रेघेवरून अगदी नीट कापला, एक केसही इकडे तिकडे नाही. तुम्ही तो हातात घेतलात आणि विचारलंत, "माया कुठाय ह्यात?" मला वाटलं तुम्ही प्रेमाबद्दल विचारता आहात, आणि मला रडू आलं, कारण मी फार प्रेमाने कापला होता. "रेघ शिवायची असते, कापायची नसते. रेघेबाहेर बोटभर माया सोडायची. उद्या उसवलं तर परत धरायचं कशाला?" चांगलं कातडं वाया गेलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरात एक वाकडं दाभण होतं, लाकडी मुठीचं, तुमच्या हाताने गुळगुळीत झालेलं. दहावीच्या वर्षी तुम्ही गेलात. दाभण माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे.

आता झालेली चूक सांगते. क्लचच्या पेडलला वर थोडा रिकामा खेळ लागतो. पाय ठेवल्यावर पहिलं बोटभर अंतर पेडल नुसतंच खाली जायला हवं, आत कशाला न धरता. तो खेळ नसला तर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो, घसरतो आणि जळतो. बेट्ट्यावर जायच्या आदल्या दिवशी मेस्त्री ते पेडल जुळवत होते. मी सीट बाहेर काढून शेडच्या दाराशी दुसऱ्या एका कामात बसले होते. त्यांनी गाडीखालून ओरडून विचारलं, किती ठेवू? आणि मी तिथूनच ओरडले, "पेडलल्लि बेरळष्टु माया." बोटभर माया. अर्धं कन्नड, अर्धं तुमचं. क्रियापद मी घातलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालवत होते, सर शेजारी, मेस्त्री स्कूटरवरून मागे. शहरातून गाडी सुरेख चालली. सरांनी दोनदा मागे वळून लोक बघतात का ते पाहिलं. बेट्ट्याच्या दुसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढेना. मी गॅस दिला, नुसता आवाज झाला. मग जळका वास आला. सर हळू आवाजात म्हणाले, "साकु, इळियोण." पुरे, उतरूया. ते चिडले नव्हते, तेच मला लागलं. "तुम्ही खूप केलंत. मी हॉटेलवाल्यांना कळवतो."

मी गाडी कडेला घेतली आणि पेडल हाताने दाबून बघितलं. खेळ अजिबात नव्हता. स्कूटर उभी करून मेस्त्री आले तेव्हा मी विचारलं, मेस्त्री, बोटभर खेळ होता तो कुठे गेला?

"माय," ते म्हणाले. "नीवे अल्वा हेळिद्दु? तुम्हीच ना सांगितलंत? बोटभर होता, तो माय केला." कन्नडमध्ये माय म्हणजे गायब, हे मला जन्मापासून माहीत आहे. दिवसाला दहा वेळा मी तो शब्द वापरते. तरी माझ्या डोक्यात ते दोन शब्द कधी शेजारी आले नव्हते.

"पण क्लचला खेळ लागतो हे तुम्हाला माझ्याआधी चाळीस वर्षं माहीत आहे."

मेस्त्रींनी खाली पाहिलं. "मला वाटलं, पुस्तकात काही नवीन आलं असेल. तुम्ही शिकलेल्या."

अप्पा, मला वाटायचं की पदवीमुळे माझं म्हणणं लोक ऐकतील. पदवीमुळे लोक विचारायचे थांबतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मेस्त्रींना सांगितलं, यापुढे मी काही विचित्र बोलले तर आधी मला शिव्या द्या, मग पाना उचला. "आधीच सांगायचं की," ते म्हणाले, "माझ्याकडे बन्नूरच्या भरपूर आहेत." सर हसले. क्लच निवेपर्यंत आम्ही कठड्यावर बसलो. मग मी रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली गेले, नट सैल केला, आणि मेस्त्री वरून पेडलवर आपलं जाड बोट आडवं धरून मोजत राहिले. "माया बंतु," ते म्हणाले. माया आली. त्यांनी शब्द उचललासुद्धा.

तिथून वर गाडी मी नेली नाही. सरांना म्हटलं, तुम्ही चालवा. त्यांनी या गाडीत कधी डावा पाय वापरला नव्हता, त्यांच्या वडिलांनी तर नाहीच. पहिल्यांदा गाडी गचका खाऊन बंद पडली, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती सुटली आणि चढत गेली, वळणामागून वळण, आणि प्रत्येक गिअरला सर लहान मुलासारखे आकडा मोठ्याने म्हणत होते. वर पोचल्यावर त्यांनी हॉटेलवाल्याचं नाव काढलं नाही. खाली परत गाडी त्यांनीच आणली. पुढच्या महिन्यात आणखी एक तशीच जुनी गाडी शेडमध्ये येणार आहे, सरांच्या मित्राची. मेस्त्रींनी शेडच्या पाटीवर माझं नाव घालायचं काढलं आहे. मी म्हटलं, आधी ती गाडी चढू दे.

गिअरच्या दांड्याभोवतीची कातड्याची पिशवी मी तुमच्या दाभणाने शिवली. माया सोडून.

हे पत्र सरांच्या गाडीत, सीटच्या काथ्यात ठेवायचं मनात होतं. ठेवणार नाही. ते माझ्याच पेटीत राहील, कारण त्यासाठी शिवण उसवावी लागेल, आणि त्या सीटबद्दल एक गोष्ट सरांना अजून माहीत नाही. बेट्ट्याच्या आदल्या दिवशी शेडच्या दाराशी बसून मी तुमची शिवण उसवत होते. काही बिघडलं नव्हतं. तुम्ही आत किती माया सोडली आहे ते मला बघायचं होतं. बोटभरच होती, आणि तिच्यावर निळ्या खडूची रेघ अजून तशीच, तुमच्या हाताची. मी ती बघत होते म्हणून तो शब्द माझ्या तोंडात होता, आणि म्हणूनच मी उठून पेडल बघितलं नाही. नंतर मी ती शिवण परत घातली; चार बोटांची, तुमच्या टाक्यांशेजारी माझे टाके वेगळे दिसतात. सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, जुनी शिवण आहे सर, आपोआप सुटली.

ती सुटली नव्हती अप्पा. मी उद्या त्यांना तसं सांगणार आहे.