पावडरचा खोका

पिंप्राळा, जळगाव
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय भूपेंद्रदादा,

मयुरीचा नमस्कार. धुळ्यात वहिनी, मुलं सगळी बरी असतील. पहूरला आपल्या शेतात यंदा कपाशी चांगली उभी आहे.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून जीवरामकाकांच्या हाती ही चिठ्ठी पाठवतेय. आबांना इथल्या दवाखान्यात ठेवलंय. डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, अन्न जात नाही. लिव्हरला सूज आहे. तू विकतोस आणि आबांना धाडलीस त्या ताकदीच्या पावडरीत काय आहे, ते डॉक्टरांना कळायला हवंय. खोका आणा म्हणतात.

कुठून आणू? आईनं नेहमीसारखी पावडर स्टीलच्या डब्यात ओतली आणि खोका चुलीत घातला. वर हिरवं पान होतं, एवढंच तिला आठवतं.

आपले आबा, दादा! कपाशीचं बियाणं घेताना दुकानदाराकडून लॉट नंबर वाचून घेणारे. रिकामी पिशवी आणि बिल पीक घरात येईपर्यंत जपणारे. मी विचारलं, मग ह्याचं का नाही पाहिलं? तर म्हणाले, "पोरानं धाडेल आहे, त्यात काय पाह्यनं!" अजून तुझाच कैवार घेतात. मला त्यांचा राग येतो, आणि तुझा त्याहून जास्त.

ती कुठं बनते, त्यात काय घालतात, कुणी तपासली का, सगळं कळव. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. कंपनी बोगस असेल तर तसं सांग. फक्त घाबरून उरलेला माल जाळू नकोस. एक बंद खोका काकांकडे दे.

डॉक्टरांनी विचारलं, घरात अजून कुणी घेतली? मी पटकन नाही म्हणाले.

हेमराज शेजारीच उभे होते. पहूरहून मी डबाभर पावडर आणली तेव्हा ते म्हणाले होते, आधी डॉक्टरांना दाखव. मी भांडले. माझ्या भावाची आहे म्हटलं. मग त्यांच्या नकळत दुधातून घेत राहिले. फार अशक्तपणा होता रे. मला चौथा महिना आहे. पाचवा लागला की तुला कळवणार होतो, पेढे घेऊन.

उद्या डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. ते विचारतील, काय होतं त्यात? मी काय सांगू, दादा? पाया पडते तुझ्या. खोका दे, नाहीतर स्वतः घेऊन ये.

तुझ्या भाचराची, अजून तरी, आई,
मयुरी