ज गणाची जागा

डोकमर्डी, सिल्वासा
१४ नोव्हेंबर २०२४

ती. अरविंदमामांस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठीक. दादऱ्याची नोकरी चालू आहे. कॉलेज अर्धवट सोडल्याबद्दल परत बोलू नका. सोबतच्या कागदावर लघुगुरूच्या खुणा करून पाठवा. मोबाइलवर तुम्हाला त्या जमत नाहीत, म्हणून पत्र.

समोरच्या मृणालचं दोन डिसेंबरला लग्न आहे. नवरा हृषीकेश, वापीला इंजिनिअर. तिच्या आईने, शैलजाकाकूंनी, मंगलाष्टक मलाच लिहायला सांगितलं. छापील नको, घरच्या पोराचं हवं, म्हणाल्या. घरचा पोरगा! मामा, मृणाल मला सहा वर्षं आवडते.

वृत्त शार्दूलविक्रीडितच. म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू, तुम्ही शिकवलेलं. तिचं नाव लघु, गुरू, लघु, म्हणजे ज गण. माझंही तेच! म्हणून तिसऱ्या ओळीत त्या जागी मी स्वतःला बसवलंय:

येथे कोण उभा उमेश म्हणुनी शोधील डोळा तिचा

माइक माझ्याच हातात असणार. भर मांडवात म्हणणार. काय व्हायचं ते होऊ दे.

मामीला नमस्कार. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमचा
उमेश

---

नाशिक
२० नोव्हेंबर २०२४

चि. उमेश यास अनेक आशीर्वाद.

तुझी ओळ तीनदा मोजली. एकोणीस अक्षरं, सगळे गण जागच्या जागी. चूक सापडली असती तर बरं झालं असतं, तेवढ्यावर कागद परत केला असता. तुझी मामी ऐकून म्हणाली, गाढव आहे, पण कान चांगला आहे.

सहा वर्षांत तू तिला एकदाही विचारलेलं दिसत नाही. आणि आता उत्तर मागतोस तीनशे माणसांसमोर! अंतरपाटाआड उभ्या मुलीला हो म्हणता येत नाही, आणि नाहीही. आधी जाऊन विचार. हो म्हणाली तर मी स्वतः येऊन तिच्या वडिलांशी बोलेन. नाही म्हणाली, तर या वृत्तात ओळीला ज गणाची जागा एकच असते. तिथे नवरीला बसव.

कॉलेजबद्दल बोलत नाही. बोलायचं मात्र आहे.

आमचा लोभ तुझ्या रागापेक्षा टिकाऊ आहे, हे ध्यानात ठेव.

तुझा
अरविंदमामा

---

डोकमर्डी
५ डिसेंबर २०२४

ती. अरविंदमामांस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. बिल्डिंगच्या गेटपाशी गाठून. ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून म्हणाली, हृषीकेशला तिनेच निवडलंय, घरच्यांनी नाही. वर म्हणाली, उम्या, गायला जड जाणार असेल तर आईला मी सांगते काहीतरी. मी भडकलो. गाईन म्हणालो.

तीन दिवस कागदाला हात लावला नाही. मग लिहिलं:

राहो नित्य घरी मृणाल हसुनी, साथी हृषीकेश तो

त्याच्या नावासाठी एक अक्षरही ओढावं लागलं नाही. त्याचाच जास्त राग आला.

या वृत्तात बाराव्या अक्षरावर थांबून श्वास घेतात. मांडवात 'हसुनी'पर्यंत आलो आणि थांबलो. जरा जास्तच थांबलो. अंतरपाटाआडून तिचा चेहरा दिसत नव्हता, हार धरलेली बोटं तेवढी दिसत होती. ती एकदम आवळली गेली. तिला वाटलं असणार, मी आता काहीतरी करणार. मामा, सहा वर्षांत ती मला कधीच घाबरली नव्हती.

मग मी त्याचं नाव घेतलं. स्पष्ट, सुरात. तिची बोटं सैल झाली.

लगेच उत्तर नको. मला सांभाळून घ्या.

तुमचा
उमेश