ओलिव्हची टेप झिजली आहे

२ जून, सकाळ
टेप झिजली आहे. खात्री मी स्वतः केली. नॉरफोक बेटावर रिळांच्या टेपरेकॉर्डरमधलं कळणारा दुसरा आहे कोण?
टेपवर दिवंगत सासूबाईंचं, ओलिव्हचं, चर्चमधलं गाणं आहे. तिचा आवाज एवढाच उरलाय. काल तपासणीसाठी टेप हाताने दुसऱ्या रिळावर गुंडाळली आणि लावली. आवाज गोधडीखालून आल्यासारखा. मागच्या वर्षी स्वच्छ होता. निष्कर्ष: झीज.
ओलिव्हची बहीण एनिड मावशी रविवारच्या विमानाने ब्रिस्बेनला ऑपरेशनसाठी जाते आहे. त्याआधी तिला बहिणीला ऐकायचंय. बायकोला, मेविसला, म्हटलं, भरवसा ठेव. म्हणाली, बायको आहे म्हणूनच ठेवत नाही.

३ जून
टेपच्या पट्टीची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. मंद बाजूवर मळ. स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा तपकिरी झाला! सुरुवातीचा बराच भाग पुसून काढला. शास्त्रशुद्ध कामाचा परिणाम डोळ्यांना दिसतो.
पुन्हा लावली. सुरुवातीला आता काहीच ऐकू येत नाही. झीज अंदाजापेक्षा खोल.

४ जून
संकल्प: टेपला हात लावायचा नाही. दोष मशीनच्या हेडमध्येही, म्हणजे पट्टीला टेकून आवाज उचलणाऱ्या भागातही, असू शकतो. मागेच मागवलेलं नवीन हेड मालाच्या जहाजावर आहे. जहाज आलंय, पण लाटांमुळे माल उतरवता येत नाही. नुसतं गोल गोल फिरतंय. यात माझा काय दोष?
दूध आणायला निघालो. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला बेटाच्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरून बोट वर करून रामराम करतो, पण हल्ली थांबतोही. काय रे, ओलिव्ह गायला लागली का? टूटी खाटीक म्हणाला, माझ्या दुकानात कशाला हात लावू नकोस बाबा, झिजेल. दूध न घेताच परतलो.

५ जून
घरातच. पडदे ओढलेत. फोन उचलत नाही. मेविस म्हणते, लपलायस. मी एकाग्र आहे.
जहाज गेलं. हेडसकट.

६ जून, दुपार
मावशी स्वतःच आली. दारातूनच विचारलं, कुठे आहे तो डॉक्टर, पेशंट संपवून बसलेला? मी तिला झीज समजावली. बारीक, उंच स्वर आधी जातात वगैरे. म्हणाली, जावईबापू, ओलिव्हचा उंच स्वर आमच्या आईला थांबवता आला नाही, ही पट्टी काय थांबवणार!
मग तिने पट्टी बोटांत धरली. जन्मभर पानांच्या पट्ट्या विणून टोप्या केल्यात तिने. म्हणाली, गुंडाळताना पीळ दिलायस, पुढे सगळी उलटी गेलीय. मी म्हटलं, शक्य नाही. मेविस म्हणाली, तू गप्प बस, आणि पट्टी सुलटी लाव.
सुलटी लावली. मंद बाजू हेडला टेकली. म्हणजे मी मळ म्हणून पुसलं, ते गाणं होतं.
पहिली कडवी कोरी. मेविस माझ्याकडे बघत राहिली. मी रिळाकडे. मावशीने दोघांकडेही पाहिलं नाही. मशीनवर वाकली आणि ती कडवी स्वतः गायली. शेवटच्या कडव्याला ओलिव्ह आली, खणखणीत. दोघी बहिणी एकत्र गायल्या. मेविस रडली. मी आवाजाचं बटण कमी-जास्त करत होतो. तांत्रिक बाजू कोणीतरी बघायला हवी होती.

७ जून
मावशी उद्या जाते. बॅग भरून झालीय. विमानतळावर मी यायचं नाही, असं मेविसने सुचवलंय.
फोनबुकवाल्या बाईंचा फोन आला. आमच्याकडे माणसं फोनबुकात टोपणनावानेच सापडतात, आणि माझं अजून पडलेलं नव्हतं. मी ‘इंजिनियर’ सुचवलं. म्हणाल्या, मावशींनी काल सांगितलंय, सगळ्या बेटाला पसंत आहे. ‘उलटा’. त्यांना एकच शंका होती, हे तरी सुलटं छापायचं ना?
छपाई सोमवारी. त्यानंतर मी ‘उ’मध्ये सापडेन.