वरची दाढ

अमरावती, १२ नोव्हेंबर १९६१

ती. देवरावभाऊस,
सप्रेम जयभीम वि. वि.

माय आज मला न सांगता सकाळच्या मोटारीने तेल्हाऱ्याला निघून गेली. पोचली का, आधी कळवा. डोळ्याच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकला म्हणून सांगितलं, पण ऑपरेशनआधी तोंड पाहिलं. वरची दाढ सडलेली, हिरडीत पू, वर लघवीत साखर. ते म्हणाले, तोंडातला पू डोळ्याला बाधला तर डोळाच जाईल. आधी दाढ काढा, मिठाच्या पाण्याने चुळा भरा, मिसरी सोडा. ऐकून माय जी उठली, ती तरातरा घरीच आली. मी तर कपाळाला हात लावला. तुम्हीच समजवा.

आपली लहान बहीण,
इंदू

तेल्हारा, १९ नोव्हेंबर १९६१

चि. सौ. इंदूस,
जयभीम व अ. आ.

माय पोचली. म्हणते, डोळे दाखवाले गेली तर बाजारातल्या गोऱ्ह्यासारखे दात पाहिले. वरच्या दाढेची न् डोळ्याची नस एकच. शेजारच्या पुंजाजीने दाढ काढली न् सालभरात आंधळा झाला. मी रागे भरलो, तर रडली. एका डोळ्यात थोडा उजेड आहे, त्यात माझ्या नातीचं, शालूचं तोंड धुरकट तरी दिसते, तेही गेलं तर काय पाहू, म्हणाली. मग मी विषयच सोडला. लोक म्हणतात त्यात काही तथ्य असेलच ना?

तुझा भाऊ,
देवराव

अमरावती, २६ नोव्हेंबर १९६१

ती. भाऊस,
स. जयभीम.

धन्य आहे तुमची! वर्गात पोरांना शरीरशास्त्र शिकवता न् घरी हे? पुंजाजी दाढ काढायच्या आधीच आपल्या ओट्याला ठेचकाळत होता, विसरले का? खरं कारण मला माहीत आहे. गेल्या खेपेला तुम्ही भाकर वरणात मुरवून एकाच बाजूने चावत होते. तुमचीही वरची दाढ किडली आहे, न् तुम्हीही भ्याले आहात. लोका सांगे ब्रह्मज्ञान! इकडे मायचा डोळा हातचा जाईल. माझा जीव तुटतो, म्हणून वाकडं लिहिलं.

आपली,
इंदू

तेल्हारा, ११ मार्च १९६२

चि. सौ. इंदूस,
जयभीम व अ. आ.

तुझ्या पत्राने असा चिडलो, की त्याच तिरमिरीत अकोल्याला जाऊन दाढ काढून आलो. तुला मुद्दाम कळवलं नव्हतं. मायने हाय खाल्ली. रोज सकाळी वाकळ घेऊन बसायची न् माझ्याकडून सुईत दोरा ओवून घ्यायची. शाळेला उशीर झाला तरी सोडायची नाही. माझी नजर जात नाही हे पटलं, तेव्हा कुठे स्वतः दाढ काढायला तयार झाली. पुढचं ऑपरेशन तुझ्या देखतच झालं.

काल चष्मा आला. आज सकाळपासून घरातल्या सगळ्यांची तोंडं तपासणं सुरू आहे, आम्ही पार वैतागलो. पण काल तिने शालूला उजेडात नेऊन कितीतरी वेळ पाहिलं. मग मला जवळ बोलावलं, तोंड उघडायला लावलं न् रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"माह्यासाठी काढली ना रे बापू," म्हणाली. "मले दिसून राहिलं."

माया राहू दे, न् अशीच खरमरीत पत्रं लिहीत जा.

तुझा भाऊ,
देवराव