चातुर्मासातला लसणाचा वास

श्रावण वद्य पंचमी, दुर्गाघाट

आज पुन्हा ह्यांच्या सदऱ्याला लसणाचा वास. सासूबाई कडाडल्या, "चातुर्मासात लसूण? वैदिकाचा मुलगा ना तू!" हे हसले, "चुकलं, आई. चाटमध्ये असेल."

कसली चाट! हे विद्यापीठात सोमल, म्हणजे आर्सेनिक, असलेलं खनिज भट्टीत भाजतात. त्याशिवाय आत अडकलेलं सोनं सुटत नाही. त्या विषारी धुराला असाच वास येतो, लसणाचा. सासूबाईंना कळलं तर काम सोडायला लावतील, म्हणून ह्यांनी मला शपथ घातलीय. पण आता ह्यांच्या श्वासालाही तोच वास. मी नक्की कोणाला जपतेय?

सासूबाईंनी ह्यांना उद्या प्रायश्चित्ताचा उपास सांगितलाय, निर्जळी. म्हणजे रिकाम्या पोटी भट्टीपाशी. वर मला म्हणाल्या, "लक्ष ठेव गं ह्याच्यावर."

मी "हो" म्हणाले.