ज्याने काढलं, त्याच्याच हवाली

अल्लाहचं नाव घेऊन सुरुवात करतो.

मी, शमसुद्दीन इस्माईल परकार, वय बासष्ट, पूल बांधणारा इंजिनिअर, आता निवृत्त, मूळ गाव कालुस्ते, तालुका चिपळूण, हल्ली मुक्काम पिस्कॅटवे, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल बरंच वाईट सांगितलं आहे. डोक्याबद्दल अजून कोणाची तक्रार नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस घातलेलं नाही. याचा इंग्रजी तर्जुमा वकील करतील. दोन्हींत फरक पडला तर माझा मराठी मजकूर खरा मानावा.

१. राहतं घर मी माझी एकुलती मुलगी नफीसा हिला गेल्या वर्षीच बक्षीसपत्राने दिलं आहे, त्यामुळे ते या कागदात येत नाही. सध्या मी तिच्या घरात राहतो. शेजाऱ्यांनी नेलेली अॅल्युमिनियमची शिडी मात्र अजून माझी आहे. ती मागायला जाऊ नये, पण ती कोणाची आहे हे विसरूही नये.

२. शिल्लक असेल त्यातून आधी दफनाचा खर्च भागवावा. नंतर उरेल त्याचा एक तृतीयांश मला माझ्या मर्जीने देता येतो. आमच्या धर्मात तेवढीच मुभा आहे. तो भाग मराठी मंडळाच्या क्रिकेट टीमला नवी मॅट घेण्यासाठी द्यावा आणि त्यातून उरला तर मशिदीच्या वाचनालयाला. हा क्रम पाहून इमामसाहेब नाराज होतील. त्यांना सांगावं की हल्लीच्या मॅटवर टप्पा पडल्यावर चेंडू कुठे जाईल, हे फक्त अल्लाहला ठाऊक असतं. बाकीचे दोन भाग नफीसा आणि माझा धाकटा भाऊ महमूद यांना निम्मे-निम्मे. महमूद माझ्या पत्रांना उत्तर देत नाही. पण त्याचा हिस्सा शरियतीने ठरवलेला आहे, तिथे माझ्या रागाला कोणी विचारत नाही.

३. माझी पत्नी सकीना १९७९ साली वारली. तिची सांदणं उकडायची भांडी सुहासिनी गुप्ते हिला द्यावीत. सकीनाच्या हाताखाली शिकून ती सांदणं करते आणि ती बरी होतात. सकीनासारखी होत नाहीत, हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे.

४. माझी स्लाइड रूल नफीसाला. ती हातात घेऊन म्हणाली, "अब्बा, व्हॉट डझ इट इव्हन डू?" मी म्हटलं, या पट्टीवर आकडेमोड करून बांधलेल्या पुलावरून तू रोज ऑफिसला जातेस. त्यानंतर तिने ती खाली ठेवली नाही.

५. आता स्टेशन वॅगन, तीन बॅटी, पॅड, हातमोजे, स्टंप आणि माझी पांढरी टोपी. ही सगळी जिनगी टीमची. याचं कारण थोडं लांबून सांगावं लागेल.

मॅच पावसाने थांबली की टीमची पोरं वॅगनच्या उघड्या मागच्या दाराशी जमायची आणि मी त्यांना हजरत खालिद बिन वलीद यांची गोष्ट सांगायचो. हिंदू, मुसलमान, सगळी असत. पैगंबरांचे हे साथी आधी त्यांच्याविरुद्ध लढले होते आणि जिंकलेही होते, हे ऐकून पोरं दर वेळी ओरडत, "नो वे, काका!" नंतर ते मुसलमान झाले. मुअता गावच्या लढाईत एकामागून एक तीन सेनापती पडले, तेव्हा फौज खालिदनी हाती घेतली आणि लोकांना जिवंत परत आणलं. त्या दिवशी त्यांच्या हातात नऊ तलवारी मोडल्या असं सांगतात. तेव्हापासून त्यांना अल्लाहची तलवार म्हणू लागले. पुढे ते लढत गेले आणि जिंकत गेले.

मग हजरत उमर खलिफा झाले आणि त्यांनी खालिदना सरसेनापतीपदावरून काढलं. खालिद हरले नव्हते. पण विजय अल्लाह देतो हे विसरून लोक तो खालिद देतात असं समजायला लागले होते, असं उमर म्हणत. हुकूम आला तेव्हा लढाई चालू होती. त्यांच्या जागी ज्यांना नेमलं होतं त्या अबू उबैदांनी लढाई संपेपर्यंत तो खिशात ठेवला. खालिद नंतर त्यांच्याच हाताखाली लढले. शेवटी ते अंथरुणात वारले. म्हणाले, अंगावर वीतभर जागा जखमेवाचून नाही आणि मी असा उंटासारखा पडून मरतोय. मागे राहिलं काय, तर घोडा, हत्यारं आणि एक नोकर. आणि ते सगळं मार्गी लावायला त्यांनी नाव लिहिलं ते उमरचं. ज्यांनी त्यांना काढलं होतं त्यांचं.

पोरं इथे नेहमी विचारायची, "बट व्हाय हिम?" मी म्हणायचो, पाऊस थांबला, चला.

माझ्याही अंगावर आता वीतभर जागा टाक्यांवाचून नाही. पण ते सगळे ऑपरेशनचे आहेत, म्हणून तेवढ्यावर तुलना थांबवतो.

६. मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी हेमचंद्र गुप्ते, राहणार पिस्कॅटवे, सुहासिनीचा नवरा, याची नेमणूक करतो.

वकील म्हणाले, त्याने नकार दिला तर दुसरं नाव हवं. नफीसा म्हणाली, "अब्बा, ही हॅज नॉट स्पोकन टू यू इन सिक्स इयर्स!" मी दुसरं नाव देत नाही. हेमचंद्र नाही म्हणाला तर कोर्टाने हवा तो माणूस नेमावा, मला त्यात रस नाही.

७. सहा वर्षांपूर्वीचं प्रकरण असं. १९८१ साली मी टीमचा कप्तान होतो आणि हेमचंद्र मंडळाचा अध्यक्ष. सलग दोन सीझन आम्ही हरलो नव्हतो. शनिवारी त्याने कमिटीची बैठक घेतली, मला काढलं आणि गिरीश सावंतला कप्तान केलं. गिरीशला फोन गेला. रविवारी तो माझ्या हाताखाली पूर्ण मॅच खेळला, आम्ही जिंकलो आणि मग पार्किंगमध्ये जवळ येऊन म्हणाला, "काका, रागावू नका यार, काल डिसिजन झालंय. मॅचच्या आधी सांगायला मला जमलं नाही." जी गोष्ट मी त्याला दहा वेळा सांगितली होती तीच त्याने माझ्यावर करून दाखवली. मी रागावणार कुठल्या तोंडाने? पुढच्या रविवारी गिरीशने मला फाइन लेगला उभं केलं आणि मी उभा राहिलो.

बैठकीत हेमचंद्र म्हणाला होता, "परकार आहे म्हणून आपण जिंकतो असं पोरं म्हणायला लागलीत. परकार नसेल तेव्हा काय करणार?"

मंडळात मात्र दुसरंच उठलं, की परकारला मुसलमान म्हणून काढलं. मी हे बोललो नाही. मनातही आलं नाही असं लिहिलं तर मृत्युपत्रात खोटं लिहिल्यासारखं होईल. एक दिवस आलं, दुसऱ्या दिवशी गेलं. पण ते माझ्याच तोंडचं म्हणून कोणीतरी हेमचंद्रला सांगितलं आणि त्याने ते खरं मानलं. मला विचारायला आला नाही. सकीनाच्या मयतीला खांदा देणाऱ्याने मला एवढंही विचारू नये, याचा मला राग आहे. कप्तानपदाचा नाही, याचा.

मी आजारी पडल्यापासून सुहासिनी दर शुक्रवारी डबा घेऊन येते. गाडी हेमचंद्र चालवतो. ती आत येते आणि तो बाहेर गाडीत बसून राहतो. थंडीत इंजिन चालू ठेवतो, उन्हाळ्यात काच खाली करतो. मला खिडकीतून दिसतं. मी पाहतो हे त्यालाही दिसतं.

परवाच्या रविवारी टीम माझ्याशिवाय जिंकली. हेमचंद्रचं म्हणणं बरोबर होतं. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं असतं, पण तो गाडीतून उतरत नाही, म्हणून कायदेशीर कागदावर लिहून देतो.

८. दफन लवकर करावं. गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, मशिदीतले लोक घालतील. खांदा द्यायला ज्याला यायचं त्याने यावं, धर्म विचारू नये. हेमचंद्रला पुढच्या बाजूला घ्यावं, त्याची उंची कमी आहे. रविवार असेल तर मॅच रद्द करू नये.

९. हेमचंद्र कोणालाही रडू देत नाही. सकीना गेली तेव्हा त्याने मलाही रडू दिलं नाही. त्याच्या स्वतःच्या आईची तार आली तेव्हाही तो कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना धीर देत फिरत होता. हजरत उमरही असेच कडक. पण खालिद गेल्यावर बायका रडू लागल्या तेव्हा ते म्हणाले, रडू द्या त्यांना. तरी व्यवस्थापकाला रडावंसं वाटलं तर त्याला रडू द्यावं, कोणी अडवू नये. माझी आठवण त्याला यावी, अशी माझी इच्छा आहे. मला त्याची रोज येते.

हे सर्व मी पूर्ण शुद्धीत, दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं आणि खाली सही केली.

शमसुद्दीन इस्माईल परकार
पिस्कॅटवे, न्यू जर्सी. शुक्रवार, १२ जून १९८७

साक्षीदार:
१. गिरीश सावंत
२. सुहासिनी गुप्ते

व्यवस्थापकाचा शेरा:
सुहासिनीने गाडीपाशी येऊन बोलावलं म्हणून आलो. सगळं वाचलं. नेमणूक मान्य आहे, पण घाई नाही. कलम नऊची मला गरज नाही.
हेमचंद्र गुप्ते
ठिकाण: परकारांच्या घरी, आत. तारीख वरचीच.

साक्षीदार क्र. २ चा शेरा:
व्यवस्थापकाच्या शेऱ्यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. मी समोरच बसले आहे. आम्ही कोणी अडवलेलं नाही.
सुहासिनी गुप्ते